मोंढ्यातली मॅट्रिक

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा शेजाऱ्यापाजाऱ्यांस, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमच्या गल्लीतील कडुलिंबास फुलोरा आलेला असून परीक्षा सुरू झालेल्या आहेत. सबब, पुढील सूचना निघेपर्यंत गल्लीत कोणीही मोठ्याने शिंकू नये. कुकरने शिट्टी देण्यापूर्वी परवानगी घ्यावी. ज्यांच्या घरी लग्नकार्य आहे त्यांनी बँडवाल्यास खुणेने वाजवावयास सांगावे. हुकूम माझ्या पत्नीचा आहे. दहावीला बसलेला मुलगा आमचा आहे. आणि मी, या घराचा नामधारी कर्ता पुरुष, सकाळपासून चपला हातात घेऊन घरात वावरतो आहे.

सकाळी मुलाला परीक्षेच्या केंद्रावर सोडायला गेलो. फाटकापाशी बापांची ही गर्दी! कुणाच्या हातात पाण्याची बाटली, कुणाच्या हातात लिंबू, एकाच्या हातात तर चक्क उशी होती. कशाला ते त्यालाच ठाऊक. जाळीला नाकं लावून सगळे आत बघत होते. आमच्या चिरंजीवांनी मला हळूच सांगितलं, "बाबा, तुम्ही जा आता. सगळी पोरं बघायलीत." मी बरं म्हणालो, निघालो, आणि समोरच्या चहाच्या टपरीमागं जाऊन उभा राहिलो. पन्नाशीकडे झुकलेला, कॉलेजात भूगोल शिकवणारा माणूस टपरीमागं लपून स्वतःच्या मुलाची पाठ बघतो आहे, हे दृश्य फार भारदस्त नसतं. टपरीवाल्यानं विचारलंसुद्धा, "सर, कुणाला टाळायलात का?"

टपरीवर कडुलिंबाची फांदी ओणवी आली होती. तिची बारीक पांढरी फुलं माझ्या चहात पडली. कडवट आणि गोड असा एक वास आला, आणि मग मी तिथं नव्हतोच.

मी होतो परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मन्मथअप्पांच्या आडतीच्या मागच्या खोलीत. खोलीच्या खिडकीबाहेर असाच एक लिंब होता, असाच फुललेला. आणि मी मॅट्रिकला बसलो होतो.

साल सांगत नाही. एक तर मला आकड्यांचा कंटाळा, आणि दुसरं म्हणजे त्या दिवसांत सालांपेक्षा राज्यंच भराभर बदलत होती. लहानपणी मी निजामाच्या राज्यात मेंढरं राखली. पोलीस ॲक्शननंतर हैदराबाद राज्यात हातात पाटी घेतली. मॅट्रिकला येईपर्यंत आम्ही मुंबई राज्यात गेलो होतो. गेलो होतो म्हणजे काय, आम्ही जागचे हललोही नव्हतो. राज्यंच आमच्या डोक्यावरून ढगांसारखी सरकत होती. पहिल्या मास्तरांना मी "जी जनाब" म्हणत असे, शेवटच्यांना "होय गुरुजी". मधल्या एका मास्तरांना काय म्हणावं ते न कळल्यामुळे त्यांच्या तासाला मी नुसताच उभा राहायचो.

आम्ही चारठाण्याकडचे. तिथं जुनी दगडी देवळं पुष्कळ. लोक कोरीवकाम बघायला येतात. आमच्या मेंढरांनी त्या देवळांचा खरा गुण ओळखला होता, तो म्हणजे सावली. ओट्यावर कोकरं, पायरीवर मी, आणि पलीकडच्या ओवरीत मास्तर वर्ग घ्यायचे. ऐकून ऐकून मला पाढे यायला लागले. मग मास्तरांनी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गाठलं. म्हणाले, "मल्हारी हुशार आहे. हे पोरगं मेंढरांमागं वाया जायलंय."

आबा म्हणाले, "मेंढरामागं आमी समदेच गेलोत, मास्तर. वाया कोन गेलं?"

पण मला शाळेत बसू दिलं. तिकडची शाळा संपल्यावर शेवटच्या दोन वर्षांसाठी मास्तरांनीच परभणीत एक दाता शोधून काढला. मन्मथअप्पा. भुसार मालाचे आडते. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, गालात कायम एक लवंग. दर काही वर्षांनी एका गरिबाच्या पोराला ते शिकवायचे. त्याचं जेवण, कपडे, फी, पुस्तकं सगळं त्यांच्याकडं. मोंढ्यात त्या पोराला नाव नसायचं. "अप्पांचा विद्यार्थी" एवढंच. मी लवकरच तो हुद्दा मिरवायला शिकलो. हमाल वाट देताना म्हणत, "सरका ओ, अप्पांचा विद्यार्थी जायलाय," आणि मी तालुकदाराच्या थाटात पोत्यांमधून चालत जायचो.

पण ज्या दिवशी आबांनी मला तिथं आणून सोडलं, त्या दिवशीचा थाट वेगळाच होता. आडतीच्या ओट्यासमोर आबांनी माझं मनगट धरलं, अप्पांच्या हातात दिलं, "घ्या" म्हणाले, आणि वळून चालायला लागले. नीट राहा नाही, अभ्यास कर नाही, काही नाही. मोंढ्याच्या टोकाला रस्ता वळतो. तिथं तरी मागं बघतील म्हणून मी टाचा उंच करून उभा राहिलो. खांद्यावरच्या घोंगडीचं काळं टोक दिसत होतं. मग एक बैलगाडी आडवी आली, आणि ती गेल्यावर रस्ता रिकामा होता.

त्यानंतर मॅट्रिक होईपर्यंत आबा एकदाही आले नाहीत.

आता तुम्हाला वाटेल, सुट्टीत मी घरी जात असेन. जायला घर एका जागी असावं लागतं. आमचं घर चालतं होतं. पावसाळ्यात ते चारठाण्याकडं असायचं, पण तेव्हा माझी शाळा. रब्बीची ज्वारी निघाली, रानं मोकळी झाली, की आबा, माय, धाकटे भाऊ आणि मेंढरं निघत ते थेट गोदावरीच्या अंगाला, पालमच्या पलीकडं. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, खतासाठी. आज एकाच्या रानात, परवा दुसऱ्याच्या. पहिल्या उन्हाळ्यात मी मोठ्या हौसेनं माझं घर शोधायला निघालो. पालमला उतरलो. विहिरीवर विचारलं तर बायका म्हणाल्या, परवा हितंच होते. पुढच्या शिवारात गेलो तर चुलीचे तीन दगड होते, खाली राख होती, आणि सगळ्या रानभर लेंड्या. राखेत हात घालून बघितला. गार होती. त्या दगडांपाशी मी बराच वेळ बसलो. नकाशावर जगातल्या नद्या, पर्वत, राजधान्या दाखवायला मी आता मुलांना शिकवतो; पण घर दाखवा म्हटलं असतं तर त्या वर्षी मी गार राखेवर बोट ठेवलं असतं. मग परत मोंढ्यात आलो. अप्पांना सांगितलं, "घरचे सगळे मजेत आहेत."

अप्पांची माझी प्रगती तपासायची तऱ्हा सांगितल्याशिवाय मला पुढं जाववणार नाही. पोत्यातला माल बघायची मोंढ्यात एक रीत असते. पोतं सोडत नाहीत. टोकदार लोखंडी नळी मधोमध खुपसतात, ओढून काढतात, आणि नळीतून तळहातावर जे दाणे घरंगळतात त्यावर भाव ठरतो. अप्पा म्हणत, "तोंडाशी समदेच चांगला माल भरतेत. खरं काय ते मधी असतंय." हीच नळी त्यांनी मला लावली. संध्याकाळी लिलाव आटोपले की मला ओट्यावर बोलावणार, पुस्तक घेणार, मधूनच कुठूनतरी उघडणार, एका ओळीवर बोट ठेवणार आणि म्हणणार, "हितनं म्हन."

अप्पांना मोडी सरसर वाचता यायची, पण आमची पुस्तकं वाचताना ते अडखळत. त्यामुळं मी काय म्हणतो ते पुस्तकात आहे की नाही हे बघायला ते माझे डोळे बघत. डोळे वर गेले तर पोरगं आठवायलंय, खाली गेले तर बनवायलंय, असा त्यांचा हिशेब. मी डोळे सरळ ठेवायला शिकलो. एकदा त्यांनी विज्ञानाचं पुस्तक उघडलं. त्या पानावरचं मला काहीच येत नव्हतं. मी समोरच्या हरभऱ्याच्या ढिगावर नजर रोखून, छाती काढून, इतिहासातली अख्खी लढाई म्हणून टाकली. घोडे, तोफा, वेढा, तह, सगळं. हमालांनी मान डोलावली. माणिक हमाल तर म्हणाला, "वा! काय इज्ञान हाय!" अप्पा खूश. तेवढ्यात आतून अव्वांचा, म्हणजे अप्पांच्या बायकोचा, आवाज आला, "अवं, ही तर त्यानं परवाच म्हनली होती की! त्यो राजा परवाबी मेला होता!"

अव्वांची परीक्षा त्याहून अवघड. मी पडवीत जेवायला बसलो की त्या भाकरी वाढता वाढता विचारत, "आज काय शिकलास? मला कळंल असं सांग." एकदा मी सांगितलं, अव्वा, पृथ्वी गोल आहे आणि ती फिरते. अव्वांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली. भाकरीही गोलच होती. "फिरती?" "हो." "आत्ता बी?" "आत्ता बी." त्यांनी चुलीकडं, तव्याकडं, मग माझ्या ताटाकडं बघितलं. "मंग वरन का सांडत न्हाई रं?" या प्रश्नाचं उत्तर मी गेली कित्येक वर्षं वर्गात देतो आहे, पण अव्वांचं समाधान होईल असं मला अजून देता आलेलं नाही. चांगली माणसं होती. अतिशय चांगली. त्यांच्या लेकी लांब नांदत होत्या, आणि त्या घरात मला कुणी कधी टाकून बोललं नाही. तरी दुसऱ्याच्या खर्चानं शिकणाऱ्या पोराला एक गोष्ट लवकर कळते. त्याची प्रगती सगळ्यांची असते. आजारी पडायला मात्र तो संकोचतो. भूक लागली तर दुसरी भाकरी मागावी की नाही याचा विचार करतो. मी तो विचार करता करता पाणी पीत असे.

मग ती परीक्षेआधीची सुट्टी लागली. वर्गातली पोरं आपापल्या गावी अभ्यासाला गेली. शाळेला कुलूप. मोंढ्यातही दुपारी सामसूम व्हायची. नुसते चिमण्यांचे थवे सांडलेल्या दाण्यांवर उतरायचे आणि उठायचे. दूरवर स्टेशनातून गाडीची शिट्टी यायची, आणि ती गेली की आधीपेक्षा जास्त शांत वाटायचं. माझी खोली म्हणजे अर्धी खोली, अर्ध्यात पोती. सुतळीचा, जुन्या तुरीचा आणि उन्हानं तापलेल्या पत्र्याचा मिळून एक वास. त्यात खिडकीतून लिंबाचा. दिवसचे दिवस माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं. मला तर बोलल्याशिवाय राहवत नाही, हे तुम्ही आत्तापर्यंत ओळखलंच असेल.

म्हणून मी पोत्यांचं कुटुंब केलं. सरकीचं गुबगुबीत पोतं, खिडकीपाशी कललेलं, ती माय. करडईची दोन बुटकी पोती हे धाकटे भाऊ. एक सारखं दुसऱ्यावर पडायचं. आणि कोपऱ्यात तुरीचं एक पोतं होतं, उंच, ताठ, काही विचारा, बोलायचं नाही. ते आबा. रोज सकाळी मी सगळ्यांना ओळीनं बसवून वर्ग घ्यायचो. रसायनशास्त्र शिकवायचो, बीजगणित शिकवायचो. करडईला उठवून प्रश्न विचारायचो. उत्तर आलं नाही की रागवायचो. शेवटी तुरीच्या पोत्यापुढं उभा राहून विचारायचो, "आबा, बरोबर आहे का?" आणि थोडा वेळ थांबायचो. एकदा व्यापाऱ्याचा माणूस आला आणि आबांना हातगाडीवर घालून घेऊन गेला. हसू नका. मी खिडकीतून त्या हातगाडीकडं बघत होतो, आणि या वेळीही त्यांनी वळून बघितलं नाही.

आज फाटकाला नाकं लावलेले ते बाप बघून मला त्यांचा हेवा वाटला की त्यांच्या मुलांचा, ते ठरवता येईना.

परीक्षेला थोडे दिवस उरले तेव्हा अप्पांनी मला गादीपाशी बसवून घेतलं. म्हणाले, "मल्हारी, पास झालास तर तुला औरंगाबादला कॉलेजात घालायचं माझ्या मनात हाय. पर तुज्या बापाचा सबूद पायजे. त्यांनी हितं येऊन हो म्हनलं तर हो. न्हाईतर तू जा मेंढराकडं. दुसऱ्याचं पोरगं मी असं लांब धाडनार न्हाई."

झालं. पास होणं माझ्या हातात होतं. आबांना आणणं कुणाच्या हातात?

ते एका माणसाच्या हातात होतं, आणि त्या हातात बांगड्यांची माळ होती. गफूरचाचा. ताडकळसचा बाजार, पालमचा बाजार, असे आठवड्याचे बाजार करत बांगड्या विकत फिरायचे. गोदाकाठच्या सगळ्या बायका, आणि म्हणून सगळ्या बातम्या, त्यांच्या ओळखीच्या. मी त्यांना स्टँडवर गाठलं. "चाचा, आबा भेटले तर सांगा, परीक्षा आहे. या म्हणावं. अप्पांना शब्द द्यायचाय. आणि तसंही या म्हणावं." ते शेवटचं वाक्य मी जरा हळू म्हटलं.

चाचा पुढच्या खेपेला उगवले. हातात मायनं दिलेली जवसाच्या चटणीची पुरचुंडी. "मिल्या रे तेरा बाप. पालमके बाजार में मिल्या."

"काय म्हणाले?"

"सब सुन लिया. फिर बोल्या, आता मधीच येनं बरं दिसत न्हाई." चाचांनी खांदे उडवले. "मैं बोल्या, अरे पोट्टा याद करता. फिर पूछ्या, इम्त्यान कब खतम होता? मैं बोल दिया दिन."

बरं दिसत नाही! मी ती चटणी तशीच हातात धरून उभा राहिलो. पोराला भेटायला येणं कुणाला बरं दिसत नाही? मेंढरांना? गोदावरीला? मी खोलीवर आलो, उरलेल्या कुटुंबाला ही बातमी सांगितली, आणि त्या दिवशी वर्ग घेतला नाही.

परीक्षेला अव्वांनी तळहातावर दही-साखर घातली. शाळेच्या फाटकापाशी तेव्हाही गर्दी होती. धोतरातले, पगडीतले, टोपीतले बाप. कुणी छकडं जुंपून आलेले, बैल सोडून लिंबाखाली बांधलेले. पोरगं बाहेर आलं की लोट्यातलं पाणी पुढं करायचे आणि विचारायचे, "समदं लिवलं का?" मी मुद्दाम सगळ्यांत शेवटी बाहेर पडायचो, म्हणजे गर्दी पांगलेली असायची आणि माझ्यासाठी कुणी नाही हे फारसं दिसायचं नाही. रोज पेपर चांगले जात होते. रोज वाटायचं, इतके चांगले जाऊन उपयोग काय.

शेवटचा पेपर भूगोलाचा होता. नकाशात मी गोदावरी काढली, थोडी जास्तच लांबवली. बाहेर आलो. पोरं छकड्यांत बसून गावाकडं निघाली होती, शाईच्या दौती रस्त्यावर रिकाम्या करत, ओरडत. मी मोंढ्याची वाट धरली. उन्हं कलती होती. आडतीपाशी पोचलो आणि आधी वास आला. लोकरीचा, धुराचा, घामाचा. मेंढरांत वाढलेल्या माणसाला तो वास शंभर पोत्यांच्या वासातून ओळखू येतो.

ओट्याखाली, टाचांवर, आबा बसले होते. घोंगडी शेजारी. मी "आबा" म्हणालो. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. नजर समोरच्या खांबावर.

अप्पा गादीवर अस्वस्थ होऊन बसले होते. "ये बाबा. ह्ये तुझे वडील, वर बसा म्हनतो तर बसंनात. च्या घ्या म्हनतो तर घिईनात."

आबा म्हणाले, "आदी वाटनी होऊ द्या, अप्पा. मंग च्या."

"वाटनी? कशाची?"

आबांनी माझ्याकडं न बघताच नुसत्या कोपरानं माझ्या दिशेला खूण केली. "ह्येची."

आता मला हे नाटक क्षणभर थांबवून तुम्हाला आमची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्यात मेंढरू अर्धलीवर देतात. मालकाकडं चारा नसला की तो आपलं मेंढरू दुसऱ्याकडं सोपवतो. पाळणारा खाऊ घालतो, वाढवतो, आणि मुदत संपली की जे काही वाढलं असेल ते निम्मं निम्मं. सोपवताना मेंढरू दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि मागं न बघता निघायचं. बघितलं तर ते मागं पळत येतं. मुदत संपेपर्यंत मालकानं तिकडं फिरकायचं नाही. मधेच बघायला जाणं म्हणजे पाळणाऱ्यावर भरवसा नाही असं तोंडावर सांगणं. फार वाईट दिसतं ते. आणि वाटणीच्या दिवशी, बोलणं पुरं होईपर्यंत जनावराकडं नजर टाकायची नाही, कारण बघितलं म्हणजे आधीच पसंत करून ठेवलं असा अर्थ होतो. हे सगळे नियम मला पाठ होते. मी स्वतः आबांबरोबर अशी मेंढरं पोचवून आलो होतो. फक्त एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, की त्यांतलं एक मेंढरू मी आहे.

"अवं, काय बोलायलाव!" अप्पा म्हणाले. "वाटनी कशाची? मी धर्म म्हनून शिकिवलं त्याला."

आबा उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. "धर्म? आमी झोळी घिऊन आल्तो का तुमच्या दारात? म्या पोरगं दिलं, तुमी पाळलं. भरवशावर दिलं. दोन वर्सांत एकदा तरी बगाया आलो का? इचारा ह्येला! त्याच्या मायनं लय जीव खाल्ला, जाऊन या, जाऊन या. म्या न्हाई आलो. पालमवरनं दोनदा निगालो आन माघारी फिरलो. पर तुमच्यावर इसवास न्हाई असं म्या दिसू दिलं न्हाई."

दोन वर्षं मनात धरलेलं जे गाऱ्हाणं मी पोत्यांना सांगत होतो, तेच आबा छाती काढून अख्ख्या मोंढ्याला सांगत होते.

हमाल जमले होते. माणिक म्हणाला, "अप्पा, घ्या की अर्धं. डोस्क्याकडलं घ्या. इज्ञान समदं तकडंच हाय."

कुणी हसलं, पण अप्पा हसले नाहीत. जन्मभर त्यांनी दुसऱ्याच्या मालाला भाव लावला होता. भरवसा काय असतो ते त्यांना कळत होतं. त्यांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. मोठा सौदा असला की ते असं करत.

"बरं," ते म्हणाले. "रिवाज त्यो रिवाज. अर्धा माजा."

"तुमचा," आबा म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरला.

"मंग ऐका. माजा अर्धा मी औरंगाबादला कॉलेजात घालनार. तुमच्या अर्ध्याचं काय ते तुमी बगा."

आबा विचारात पडले. मोंढाही विचारात पडला.

"लय लांब हाय म्हंत्यात, औरंगाबाद," आबा म्हणाले.

"हाय."

"तितं वळखीचं कोन?"

"कोनी न्हाई."

आबांनी खांबाकडं बघतच घोंगडी उचलून खांद्यावर टाकली. मग म्हणाले, "मंग माजा अर्धा हितं एकटा ऱ्हाऊन काय करल? करमायचं न्हाई त्येला. न्या त्योबी. संगट न्या."

शब्द पडला. पुढचं जे काही झालं, निकाल, औरंगाबाद, नोकरी, नांदेडचं हे घर, ते सगळं त्या शब्दाच्या मागून कळपासारखं चालत आलं. पण त्या क्षणी मला त्यांतलं काहीच दिसत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की बोलणं पुरं झालं आहे, आणि आता आबांना बघायची मुभा आहे.

अव्वा चहा घेऊन दारात आल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर दोन वर्षांच्या भाकऱ्यांचं समाधान होतं. अप्पा गादीवर सावरून बसले. हमाल थांबले. विद्यार्थ्याच्या प्रगतीवर आता त्याचा बाप काय बोलतो, ते ऐकायला सगळे अधीर झाले होते. माझ्या मते आबांनीही वाटेनं चार मानाचे शब्द जुळवून आणले असावेत, कारण त्यांनी घसा खाकरला, पागोटं नीट केलं, आणि मग ते वळले.

पायापासून त्यांनी मला बघायला सुरुवात केली. मी वीतभर उंच झालो होतो. त्यांची नजर वर यायला वेळ लागला. मग ते जवळ आले. मेंढराची पाठ चाचपतात तसा त्यांनी माझ्या बरगड्यांवरून हात फिरवला, एकदा, परत एकदा. ते चार मानाचे शब्द कुठं गेले कुणास ठाऊक. अप्पांच्या, अव्वांच्या, साऱ्या मोंढ्याच्या देखत आबा ओरडलेच,

"अवं अप्पा, लेकरू वाळलं की ओ माजं!"